सोमवारची सुरी

सोमवार होता. सोमवारी आमच्या आळीत तव्यावर मासा चढत नाही. मांजरंसुद्धा तोंड पाडून दूधभातावर येतात. नेमकं त्याच दिवशी, मी दोरीवर चादरी वाळत घालत असताना, वईच्या पलीकडून काकींचा आवाज आला.

"काय गो मास्तरीण, सुरी घेताय म्हणे?"

आमच्या दोन वाड्यांच्या मधे निरगुडीची वई आहे. तिला एके ठिकाणी दोन हात रुंद भगदाड आहे. गेल्या तीस वर्षांत ते कोणी बुजवलेलं नाही, कारण त्यातून कढीपत्ता जातो, विरजण जातं आणि बातमी जाते. ही बातमी मात्र भगदाडातून गेली नव्हती. आदल्या संध्याकाळी आमच्या ह्यांनी रेवदंड्याच्या नाक्यावर कुणाला तरी विचारलं होतं, की माशाचे बिनकाट्याचे काप काढायला सुरी कुठली चांगली. तेवढं पुरे. नाक्यावर कोणी शिंकलं तर आमच्या आळीत वाफाऱ्याचं पाणी उकळायला लागतं.

"काकी, आज सोमवार. माशाचं नाव नको," मी म्हटलं.

"माशाचं नाव मी कुठे घेतलं? मी सुरीचं विचारलं." असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि भगदाडाजवळच्या चिऱ्यावर बसल्या. काकी बसल्या की समजायचं, आता चादरी वाळल्यावर त्या घेऊनच आत जायचं.

मग सांगून टाकलं सगळं. मुलगी पुण्याहून येते तेव्हा नातू येतो. पाच वर्षांचा आहे. मासा आवडतो त्याला, पण ताटात केसाएवढा काटा दिसला की ताट ढकलतो आणि पुण्यातल्या त्या फ्रीजरमधल्या पिवळ्या कुरकुरीत कांड्या मागतो. आमचे हे निवृत्त झाल्यापासून कुंडलिकेच्या खाडीवर गळ टाकून बसतात. थंडीत एकदा तीन किलोचा जिताडा लागला. घरात जिताडा असताना पोरानं कांड्या खाव्यात, हे ह्यांच्या फारच जिव्हारी लागलं. तेव्हापासून फिले, फिले चाललंय.

"फिले म्हणजे काप ना बिनकाट्याचे?"

"तेच."

"मग काप म्हणा की. आणि ती कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या साहेबांनी आणली तसली नाही ना आणायची?"

इथे आवाज खाली आला. खरी गोष्ट आता सुरू होणार, ही त्याची खूण. तो बंगला मुंबईकरांचा आहे, शनिवार-रविवारी उघडतो. काकींची पुतणी तिथे भांड्याला जाते, म्हणजे बंगल्यातलं चमचाभर मीठ सांडलं तरी काकींना कळतं. साहेबांनी म्हणे जपानी सुरी आणली. लाकडी पेटीत, मखमलीत, आत कागद जपानी भाषेत. किंमत पुतणीला कळली ती साहेब फोनवर सांगत होते म्हणून. आमच्या शाळेत मला पहिला पगार जेवढा होता, त्याच्या आठपट.

"पाठ ही एवढी जाड," काकींनी बोटाचं पेर दाखवलं. "आणि धार एकाच बाजूनं. दुसरी बाजू सपाट, पाट्यासारखी. साहेब आहेत डावखुरे. कापायला गेले की सुरी आपली चालली भलतीकडेच. तिरकी. एक तुकडा हा एवढा, दुसरा कागदासारखा."

मी हसत होते, पण गोष्ट खरी असणार. जपानी माणसं माशाचं डोकं उडवायला, मणका तोडायला जी जाड पाठीची देबा नावाची सुरी वापरतात, तिला एकाच अंगानं धार असते. ती उजव्या हाताची आणि डाव्या हाताची वेगवेगळी करतात. डाव्या हाताची मागवून घ्यावी लागते, आणि महागही पडते. साहेबांनी पेटी बघितली, हात बघितला नाही.

"आणि दुसऱ्या शनिवारी येऊन बघतात तर सुरीवर तांबडे ठिपके. आपल्या हवेत खिळा टिकत नाही, ती टिकणार?" काकींनी हात झटकला. "पण ते जाऊ दे गो. पैसा त्यांचा. मला राग कशाचा आला सांगू? एवढा मोठा रावस होता. दोन बाजूंचे दोन काप काढले, आणि डोकं, सापळा, पोटाकडची चरबी सगळं काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात! रावसाचं डोकं! पुतणी म्हणाली, साहेब, मी नेऊ का, तर म्हणे, अगं त्यात काय आहे? त्यात काय आहे!"

रावसाच्या डोक्यात काय असतं हे मी, साताऱ्याकडची बाई, लग्नानंतर सहा वर्षांनी शिकले. ते काकींनीच शिकवलं. गालाचा तुकडा, डोळ्यामागचा गर, आणि चिंच-तिरफळाच्या कालवणात उतरणारा तो चिकट रस. बिनकाट्याच्या कापांत हे काही येत नाही. आणि हिशेबही बघा. गोल अंगाच्या माशाचे साल काढलेले काप काढले तर वजनाच्या निम्म्याहून कमीच हाताला लागतं. तीन किलोच्या जिताड्याचे सव्वा किलोच्या आसपास. बाकीचं साहेबांच्या हिशेबी कचरा.

"मग तुमचं मत काय? घेऊ नको?"

"विळी आहे ना घरात?"

आहे. सासूबाईंची. घिसाड्यानं रस्त्याकडेला पाल ठोकून, लॉरीच्या कमानीच्या पाट्यातून घडवलेली. वजन असं की पायाखाली धरल्यावर भूकंपातसुद्धा हलणार नाही. तिच्यावर सुरमईच्या तुकड्या पडतात, नारळ खवला जातो, आणि एकदा ह्यांनी तिच्यावर सायकलची ट्यूबही कापली होती.

काकींचं म्हणणं मला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं. विळीचं पातं जागेवर असतं, फिरतो तो मासा. दोन्ही हात माशावर, म्हणून कितीही बुळबुळीत असला तरी निसटायला वाव नाही. आणि पातं कुठे आहे हे आंधळ्यालाही ठाऊक असतं, कारण ते पायाशी उभं असतं. सुरीचं उलटं. मासा पाटावर पडलेला, एक हात त्याच्यावर, दुसरा मुठीवर, आणि दोन्ही हात चिकट. त्यात पातं फिरतं. "म्हणून सुरी घ्यायला गेलीस ना, तर पातं नंतर बघ. मूठ आधी बघ. दुकानात पाणी माग, हात ओले कर, आणि ओल्या हातानं धर. दुकानदार बघेल वेड्यासारखा. बघू दे."

मूठ आधी बघ हे मला पटायला कारण आहे. ते कारण माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून पांढऱ्या रेघेच्या रूपात आहे. पाचेक वर्षांपूर्वी मी एका प्रदर्शनातून पाच सुऱ्यांचा संच आणला होता. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. विकणारा म्हणाला, दमास्कस. हल्लीच्या अस्सल दमास्कस पात्यात वेगवेगळ्या पोलादांचे थर एकावर एक घडवलेले असतात आणि लाटा त्यातून उमटतात. माझ्या सुरीवरच्या लाटा यंत्रानं वरून काढलेल्या होत्या; दोन महिने काथ्यानं घासल्यावर समुद्र शांत झाला. मूठ चकचकीत स्टीलची, आरशासारखी. पहिल्याच सुरमईला मणका आडवा आला, मी जोर दिला, टोक तुटलं, हात मुठीवरून पुढे सरकला. तीन टाके. डॉक्टर विचारत होते कशानं लागलं, आणि मला मरण आलं तरी 'दमास्कस' हा शब्द तोंडातून निघेना.

"त्यात चूक सुरीची निम्मी," काकी निर्दयपणे म्हणाल्या. "सुरमईच्या तुकड्या सुरीनं पाडतं का कोणी? ती विळीची, नाहीतर कोयत्याची. घाटावरची ती घाटावरचीच."

तीस वर्षं झाली. माझं घाटावरपण काही धुऊन जात नाही.

पण बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट कबूल केली, आणि ती काकींच्या तोंडून येणं म्हणजे कोर्टानं आपला निकाल फिरवण्यासारखं होतं. विळीनं तुकडी पडते, चीर पडते, पण मांस मणक्यावरून सोडवता येत नाही. विळीचं पातं ताठ आणि वाकडं. काप काढायचा तर पात्यानं मणक्याला अंग लावून झोपलं पाहिजे, आणि मणक्याला जिथे बाक असेल तिथे स्वतः वाकलं पाहिजे. काकींनी तळहात चिऱ्यावर आडवा ठेवून, बोटं किंचित वर करून ते दाखवलं. "कल्ल्याच्या मागे उभं खाली जायचं, मणक्याला टेकेपर्यंत. टेकलं की पातं आडवं करायचं, शेपटीकडे तोंड करून. आणि ओढत न्यायचं, लांब. करवतायचं नाही. खाली टिकटिक टिकटिक आवाज येतो, काटे लागतात त्याचा. तो आवाज येत असला तर बरोबर चाललंय. बंद झाला तर मांस मागे राहतंय."

"काकी," मी म्हटलं, "हे तुम्हाला कसं ठाऊक?"

त्या गप्प झाल्या. तेहतीस कोटी देव आणि आमच्या आळीतली अठ्ठावीस घरं, यांच्यापैकी कोणालाच काकी अशा अचानक गप्प झालेल्या ठाऊक नसतील. मग त्या उठल्या, गुडघ्याला हात लावत घरात गेल्या, आणि येताना जुन्या सुती पातळाच्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या.

सुरी. पांढरी, खरखरीत प्लास्टिकची मूठ, तीही आता पिवळट पडलेली. पातं वीतभर लांब, पण रुंदीला माझ्या करंगळीएवढं उरलेलं. इतक्या वेळा घासलेलं की त्यावरचं नाव केव्हाच निघून गेलं होतं. काकींनी टोक चिऱ्यावर टेकवून हलकेच दाबलं. पातं कमानीसारखं वाकलं आणि सोडल्यावर पुन्हा सरळ.

"भाच्याची," त्या म्हणाल्या. "जहाजावरची."

काकींचा भाचा मालवाहू जहाजावर कुक आहे. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर, उरलेले गावात, आणि गावात असला की काकींच्या ओट्यावर. आठ वर्षांपूर्वी त्यानं ही सुरी सामानाच्या मोठ्या बॅगेत घालून आणली. विमानात हातातल्या पिशवीत सुरी नेऊ देत नाहीत, हे काकी मला असं सांगत होत्या जणू दर महिन्याला त्याच नेतात. जहाजावर नवी आली, म्हणून जुनी मावशीला. तेव्हापासून आमच्या वईपलीकडे विळीचे गोडवे गात गात बोंबील ह्या सुरीवर साफ होत होते! डोकं, शेपूट, पर उडवायचे, पोटाकडून उघडायचं, आणि मधला मऊ काटा टोकानं अलगद उचलायचा, मग पाट्याखाली दाबून पाणी काढायचं. काकींचे बोंबील ताटात पानासारखे सपाट का असतात आणि माझे चोळामोळा का, हे कोडं आठ वर्षांनी सुटलं.

"आणि मला विळी सांगत होतात!"

"विळी विळीच्या जागी. सगळं एकदम सांगितलं तर तू ऐकशील?"

मग भाच्याचं ज्ञान बाहेर पडायला लागलं, काकींच्या चाळणीतून गाळून. जहाजाच्या स्वयंपाकघरात माशाची पाटी निळी, मटणाची लाल. मुठी लाकडाच्या नाहीत, कारण लाकडाच्या सांध्यात आणि रिव्हेटच्या कडेला माशाचं पाणी शिरतं, कुजतं. पातं फार कडक नको. पोलादाचा कडकपणा मोजायचं रॉकवेल म्हणून माप असतं. जपानी सुऱ्या साठीच्या घरात किंवा वर जातात, काप काढायच्या सुऱ्या छप्पनच्या अलीकडेपलीकडे. कडक पात्याची धार टिकते खरी, पण ते वाकवलं, काट्यात अडकवलं, की कडेचा टवका उडतो. नरम पात्याची धार लवकर बसते, पण दोन मिनिटांत परत लावता येते. जहाजावर दोन मिनिटं असतात, नवी सुरी मिळायला पुढचं बंदर लागतं.

"तो म्हणतो, सगळ्यात पैसा वसूल मोऱ्याची सुरी."

"मोऱ्याची? उरणच्या?"

"मी पण तेच म्हटलं! म्हटलं, मेल्या, भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते त्या मोऱ्याला सुऱ्या कधीपासून व्हायला लागल्या? तर म्हणे, मावशी, स्वीडनला पण मोरा आहे."

आहे खरंच. मोरा हे स्वीडनमधलं गाव, तिथे १८९१ पासून सुऱ्या होतात, आणि काम करणाऱ्या माणसांसाठी होतात, दिवाणखान्यासाठी नाही. रंगीत रबरी मूठ, पातळ गंजरोधक पातं, प्लास्टिकचं म्यान. दिसायला अगदी सुताराच्या पेटीतली. त्याच जातीच्या दुसऱ्या म्हणजे स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या, काळ्या मुठीच्या. १८८४ पासूनचं ते घराणं, आपल्याला खिशातल्या लाल चाकूमुळे ठाऊक. अमेरिकेत कोळी लोक डेक्स्टरची पांढऱ्या मुठीची वापरतात. काकींच्या हातातली तीच असावी असा भाच्याचा अंदाज, पण नाव पुसलेलं असल्यामुळे आता सगळेच बाप सारखे. फिनलंडची एक आहे, उत्तरेला रोवानिएमीला होते, तिथे मार्टीनीचा कारखाना १९२८ पासून आहे. बर्च लाकडाची मूठ आणि चामड्याचं म्यान, बघूनच हात पुढे जातो. ह्यांनी फोनवर तिचं चित्र बघितलं आणि सुस्कारा टाकला होता. पण चामड्याचं म्यान आमच्या पावसाळ्यात! जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्यावर हिरवी बुरशी येईल आणि गणपतीपर्यंत त्यात अळंबी उगवतील. फिनलंडची थंडी कोरडी. आमच्याकडे कपाटातली चप्पलसुद्धा दर रविवारी उन्हात काढावी लागते.

"लांबी?" मी विचारलं. इथे मला कागद-पेन्सिल घ्यावीशी वाटली, पण चादरीचे चिमटे हातात होते.

"माशावर आहे. बांगडा, बोय, मुडदुशा, याला सहा इंची पुरे. जिताडा, तांबोशी, रावस, सात-आठ. घोळ कापणार आहात का घरात?"

घोळ आमच्या घरात कधी आलीच तर आधी ह्यांचा सत्कार करावा लागेल.

"मग सात. सातानं बोंबीलही होतो, जरा सांभाळून. आणि लांब घेऊन फुशारकी मारायची नाही." यावर ह्यांनी, जे इतका वेळ पडवीत पेपर तोंडापुढे धरून एकही शब्द निसटू न देता ऐकत होते, आतून माहिती पुरवली, की कायद्यानं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं हत्यारात मोडतं, स्वयंपाकाला आणि शेतीला तेवढी सूट आहे. काकी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही गळाला मासा लावा, कायदा आम्ही बघतो."

वाकण्याचंही एक प्रमाण असतं, ते त्यांनी दोनदा करून दाखवलं. टोक लाकडावर टेकवून दाबलं की पात्यानं इंचभर तरी नमावं, पण नमावं ते पुढच्या अर्ध्यात. मुठीपाशी लवत असेल तर ते पातं नाही, पट्टी आहे. जोर लावला की कुठे जाईल त्याचा नेम नाही. सोडल्यावर सरळ झालं का, हे पाठीवरून एक डोळा मिटून बघायचं, बंदुकीसारखं. दुकानदारानं वाकवू दिलं नाही तर निघून यायचं.

खरी अडचण सुरी घेण्यात नसतेच, हे मात्र काकींनी सगळ्यात जास्त वेळ खर्च करून सांगितलं. काप काढायच्या सुरीचं पातं पातळ, म्हणून तिची धार एक-दोन मासे कापले की उतरते, आणि बोथट सुरी जास्त जोर मागते, आणि जोर हा अंगठ्याचा वैरी. अलिबागच्या बाजारात सायकलवर चाक लावून धारवाला फिरतो. विळीला तो ठीक आहे. पण त्याच्या चाकावर अशी पातळ सुरी धरली की ठिणग्या उडतात, टोक तापतं आणि निळं पडतं. निळं पडलं की संपलं. लोहार पात्याला पाणी देतो, ते पाणी तिथे उतरतं; मग त्या टोकाला धार लावा, संध्याकाळी गेली म्हणून समजा. माझ्या दमास्कसचं पाणी मुळात दिलेलं होतं का, हाच प्रश्न आहे.

काकींकडे दगड आहे. दोन अंगांचा, एक बाजू खरबरीत, एक गुळगुळीत. भाच्यानं सांगितलं हजार नंबरचा घे. त्याआधी त्या विहिरीच्या काठावर घासायच्या, आणि त्यांच्या सासूबाईंकडे कुरुंदाचा तुकडा होता, तो अजून कुठल्यातरी कोनाड्यात असेल. दगड भिजवायचा, पातं त्याच्यावर झोपवायचं आणि पाठ इतकीच उचलायची की खाली रुपयाची तीन नाणी मावतील. मग न घाबरता, एकाच कोनात, टाचेपासून टोकापर्यंत. दोन्ही बाजूंना सारखे हात. "मोजायचे. सुनेला दागिने देताना मोजतो तसे." आणि दगड नसेल त्या दिवशी चिनीमातीचा कप उपडा करून त्याच्या बुडाची जी चकाकी नसलेली खरखरीत कड असते, तिच्यावर चार हात मारले तरी दोन बांगडे निघतात.

"आणि तुझ्या ओट्यावर कापायचं नाही."

ओटा ग्रॅनाइटचा आहे, मोठ्या हौसेनं केलेला.

"दगडावर सुरी घासली की धार मेली. लाकडाचा पाट घे. कापून झालं की आधी गार पाण्यानं धू. गरम ओतलंस तर माशाचा चिकटा शिजून बसतो, वास जात नाही. मग साबण. मग पुसून, आडवी. भांड्यांच्या टोपलीत टाकायची नाही, दुसरी बोटं पण आहेत घरात."

मी किमतीचा विषय काढला. काकींनी माझ्याकडून हिशेब करवून घेतला, मी शिक्षिका आहे याची त्यांना अशा वेळी आठवण येते. नाक्यावर तीनशेला मिळते ती लवणारी नाही, किंवा फक्त लवणारीच आहे. बाहेरची चांगली साधी सुरी दोन-अडीच हजारांच्या घरात बसेल, वर दगड. नातू वर्षातून चारदा येतो. प्रत्येक खेपेला दोन मासे धरले तर आठ. पहिल्या वर्षी माशामागे साडेतीनशे-चारशे रुपये नुसते सुरी-दगडाचे! त्यापेक्षा बाजारात मासे कापून देणाऱ्या बाईला पन्नास रुपये जास्त दिले आणि 'काप काढून द्या' म्हटलं तर ती हसत हसत काढून देईल.

"मग नको घ्यायला?"

काकींनी हातातली सुरी उलटीपालटी केली. "ही आठ वर्षं माझ्याकडे. त्याच्या आधी पाच-सहा त्याच्याकडे. बघ किती उरलीय. सुरी मोडली तर पैसे गेले. सुरी झिजली तर पैसे वसूल झाले." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "झिजवणार आहेस का तेवढं विचार. ठेवून द्यायची असली तर साहेबांच्या पेटीशेजारी एक जागा रिकामी असेल."

पडवीतून ह्यांचा आवाज आला, "झिजवतो!"

"तुम्ही नाही भाऊजी, धार लावणारा हात कुणाचा ते विचारत्येय."

तो प्रश्न कुणाला होता ते कळत होतं. मी चिमटे खाली ठेवले. काकींनी सुरी भगदाडातून पुढे केली, मूठ माझ्याकडे करून. मूठ खरखरीत होती, ओल्या चादरीनं भिजलेल्या हातातसुद्धा हलत नव्हती. मी टोक चिऱ्यावर टेकवून दाबलं. लवली. सोडली, सरळ झाली. सोमवार असून हाताला खाडीचा वास आल्यासारखा वाटला. पण तो बहुधा चिंधीचा असावा.

"ही देणार नाही हं," काकींनी घाईनं सांगितलं. "अशी घ्या म्हणून दाखवली. सात इंच, खरखरीत मूठ, गंजणारी नको, नक्षी नको, पेटी नको. कर्ली आणू नका शिकायला, तिचे काटे ब्रह्मदेवाच्या बापाला निघायचे नाहीत. पहिले दोन बांगडे फुकट जातील, ते कालवणात घाला. साल काढताना शेपटीकडे मिठाची चिमूट लावून साल धरायची, बोट सरकत नाही. आणि सुरी जागेवर ठेवायची, साल ओढायची. सगळे उलटं करतात."

"आणि जिताडा?"

"जिताड्याला मी बसेन शेजारी. खवले नाण्याएवढे असतात त्याचे, आधी ते. त्याला सुरी लावायची नाही, खवल्यांना तुझी ती दमास्कस आण, मागच्या बाजूनं घासायला बरी."

ह्यांनी पेपर ठेवला आणि भगदाडाशी येऊन उभे राहिले. पूर्वी अलिबागकडे साहेबाकडून काम करून घ्यायचं असलं की लोक जिताडा घेऊन जायचे, तसे जरा ताठ. म्हणाले, "काकी, बुधवारी भरती पहाटे आहे. लागला तर आणतो. काप नातवाला, बाकी अर्धा तुम्हाला."

"अर्धा कशाला?" काकी सुरी चिंधीत गुंडाळत म्हणाल्या. "काप तुम्ही घ्या. सापळा पण ठेवा, त्याचं कालवण कर गो तू, कोकम घालून. मला डोकं द्या. आणि अख्खं द्या, मधोमध चिरून नाही."

मी म्हटलं, डोक्यालाच तर सगळी चव.

"मग एवढा वेळ बसले कशाला?" असं म्हणून काकी उठल्या, आणि जाता जाता माझी एक चादर उलटी टाकली होती ती सरळ करून गेल्या.